अडचणीची खोली : आधी वाट, मग सामान

नवे बिऱ्हाड थाटताना बहुतेक घरांत एक चूक होते. खोलीचा ताबा मिळतो, आठवड्याच्या सुट्टीला सारे कुटुंब उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाते, डोळ्यांत भरलेला सोफा, पलंग व कपाट पसंत होते आणि टेम्पो दारात येऊन उभा राहतो. मग कळते की पलंगाची पाठ जिन्याच्या वळणावर वळत नाही. कसेबसे सामान वर चढले तरी कपाटाचे दार पलंगाला आपटते, आणि सोफ्यामुळे स्वयंपाकघराकडे जाताना माणसाला आडवे होऊन जावे लागते. त्यानंतर घरातली मंडळी "खोलीच लहान आहे" असे म्हणत वर्षानुवर्षे दिवस काढतात.

खोली लहान असते हे खरे. परंतु अनेकदा ती लहान असण्यापेक्षा अडचणीची असते. कुठे लांबट बोगद्यासारखी, कुठे पाच दारांची, कुठे कोपऱ्यात खांब आलेली, तर कुठे एका बाजूला निमुळती झालेली. अशा खोलीचा उपयोग तिच्या क्षेत्रफळावर जितका ठरतो त्याहून अधिक तिच्यातून माणूस कसा चालतो यावर ठरतो. म्हणून या लेखाचे सूत्र एकच आहे : आधी चालण्याची वाट आखा, मग उरलेल्या जागेत काय करायचे ते ठरवा, आणि सामानाची खरेदी सर्वांत शेवटी करा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. समजा, आपल्या घराचे आतले क्षेत्र ४०० चौरस फूट आहे आणि चुकीच्या मांडणीमुळे त्यातील ६० चौरस फूट वापरात येत नाही. म्हणजे १५ टक्के जागा वाया गेली. घरकर्जाचा हप्ता दरमहा १५ हजार रुपये असेल तर त्यातील २,२५० रुपये, वर्षाला २७ हजार रुपये, आपण न वापरलेल्या जागेसाठी भरत आहोत. दुकानदार आपल्या गाळ्यातील एक फळीही रिकामी राहू देत नाही. घराच्या बाबतीत मात्र आपण हा हिशेब मांडत नाही.

अशा खोल्या आल्या कुठून?

आपल्या भागात अडचणीच्या खोल्या जास्त का दिसतात, याचे कारण या गावांच्या घडणीत आहे. उल्हासनगरची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीपासून झाली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बरॅकमध्ये जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना "कॅम्प एक, कॅम्प पाच" असेच सांगितले जाते. बरॅक ही सैनिकांच्या रांगेने झोपण्यासाठी बांधलेली लांब इमारत. तिचे आडवे तुकडे पाडून कुटुंबे राहू लागली, आणि पुढे त्याच तुकड्यांच्या जागेवर मजले चढले. त्यामुळे अरुंद रुंदी आणि भरपूर लांबी हा तिथल्या अनेक खोल्यांचा स्वभावच आहे.

अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. दारूगोळा कारखाना, काडेपेटीचा विमको कारखाना आणि नंतरची औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने तिथे चाळी व तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. जुन्या चाळीत उंच छत आणि बाहेर सामाईक गॅलरी, तर नंतरच्या इमारतीत पुढे आलेले खांब व तुळया, अशी तिथली अडचण आहे. बदलापूर त्या मानाने उशिरा भरले. मुंबई-ठाण्यात घर परवडेना म्हणून कुळगाव-बदलापुरात ज्यांनी एक खोली-स्वयंपाकघर किंवा हॉल-बेडरूमची घरे घेतली, त्यांच्या वाट्याला आतली चिंचोळी बोळ, दारांनी भरलेला हॉल आणि हातभर गॅलरी आली. तिन्ही गावांची अडचण वेगळी असली तरी तिच्यावरचा उपाय एकाच ठिकाणी सुरू होतो. तो म्हणजे माप.

माप कसे घ्यावे?

एक मोजपट्टी, चौकटीच्या वहीचा कागद आणि पेन्सिल एवढ्यावर काम भागते. कागदावरची एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरावी. भिंतीचे माप एकाच ठिकाणी घेऊ नये. जमिनीजवळ, कमरेच्या उंचीवर आणि छताजवळ असे तीन वेळा घ्यावे, कारण जुन्या भिंती गिलाव्यामुळे इंच-दीड इंच पुढे-मागे असतात. कपाट बसवताना तीन मापांतील सर्वांत लहान माप धरावे.

कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्याची सुताराची रीत सोपी आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोपरा सरळ आहे. कमी-जास्त भरले तर तयार कपाट त्या कोपऱ्यात नीट बसणार नाही.

कागदावर पुढील गोष्टी अवश्य दाखवाव्यात : प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडते, खिडकी जमिनीपासून किती उंचीवर सुरू होते, खांब किती पुढे आला आहे, विजेची बटणे व पाण्याचे नळ कुठे आहेत. याखेरीज दोन मापे घराबाहेरची घ्यावीत. जिन्याच्या वळणाची रुंदी आणि मुख्य दाराची मोकळी रुंदी. ही दोन मापे खिशात असतील तर टेम्पो परत पाठवण्याची वेळ येत नाही.

वाटेचे हिशेब

आता वाट आखायची. एका माणसाला सहज चालायला अडीच फूट रुंदी पुरते. फार अडचण असेल तर दोन फूट, त्याहून कमी नको. दोन माणसे समोरासमोर यायची असतील तर साडेतीन फूट हवेत. बिजागरीच्या दारांच्या कपाटापुढे तीन फूट मोकळे ठेवावेत. सरकत्या दारांचे कपाट असेल तर दोन फुटांत भागते. स्वयंपाकाच्या ओट्यापुढे किमान तीन फूट असावेत, म्हणजे खाली वाकून डबा काढता येतो.

सामानाची मापेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एकेरी पलंग ३ फूट रुंद व सव्वासहा फूट लांब, मोठा पलंग ५ किंवा ६ फूट रुंद व तेवढाच लांब. कपाटाची खोली २ फूट. ओट्याची खोली २ फूट आणि उंची ३२ ते ३४ इंच. मात्र ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपराच्या उंचीपेक्षा चार-पाच इंच कमी ठेवणे उत्तम. सर्वांना एकच माप लावल्याने पाठदुखी मागे लागते.

खोलीतील सगळी दारे कागदावर एकमेकांना रेषेने जोडा. या रेषा म्हणजे घरातल्या माणसांच्या रोजच्या वाटा. त्या एकमेकींना जितक्या कमी छेदतील तितकी खोली मोठी वाटते. जिथे एकही रेषा जात नाही ती जागा बैठकीची, अभ्यासाची किंवा झोपण्याची. नमाजसाठीही हीच रीत उपयोगी पडते. एका मुसल्ल्याला सुमारे ४ फूट लांब व सव्वादोन फूट रुंद जागा लागते, आणि आपल्या भागातून किब्ल्याची दिशा पश्चिमेकडून किंचित उत्तरेकडे झुकलेली आहे. ती जागा वाटेच्या बाहेर असली म्हणजे नमाज पढणाऱ्याच्या समोरून कोणाला जावे लागत नाही.

शेवटी जुनी वर्तमानपत्रे पलंग-कपाटाच्या मापाची कापून जमिनीवर पसरावीत आणि दोन दिवस त्यांच्यावर पाय न देता घरात वावरून पाहावे. पाय सारखा कागदावर पडत असेल तर ते सामान तिथे नको. कागद हलवायला पैसे पडत नाहीत.

बोगद्यासारखी लांबट खोली

उदाहरणादाखल ९ फूट रुंद व २४ फूट लांब खोली घेऊ. पुढे दार, मागे ओटा व मोरी. बहुतेक घरांत पलंग लांब भिंतीला समांतर लावतात आणि वाट खोलीच्या मधून नागमोडी जाते. त्याऐवजी अडीच फुटांची सरळ वाट एका लांब भिंतीला लागून ठेवा. मग दुसऱ्या बाजूला साडेसहा फूट रुंदी उरते. सव्वासहा फुटांचा पलंग तिथे आडवा बरोबर बसतो.

आता लांबीचे भाग पाडू. पुढचे ७ फूट बैठकीसाठी. त्यानंतर २ फूट खोलीचे कपाट आडवे उभे करा. त्याची दारे आतल्या बाजूला, पाठ बैठकीकडे. पुढचे ७ फूट झोपण्यासाठी : त्यात ४ फूट रुंद पलंग आणि कपाटापुढे ३ फूट मोकळी जागा. शेवटचे ८ फूट स्वयंपाकघर व मोरी. बेरीज २४ झाली. एकाच कपाटाने कपडे ठेवण्याचे व भिंतीचे अशी दोन कामे केली. बाहेरचा पाहुणा बैठकीत बसला तरी त्याची नजर आत जात नाही. वाटेवर एक पडदा लावला की घरातल्या बायकांना मोकळेपणाने वावरता येते.

हे कपाट छताला भिडवू नये. सात फुटांवर थांबवून वरची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे पुढच्या दार-खिडकीचा उजेड व वारा मधल्या भागात पोचतो. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला तर पुढून ताजी हवा आत ओढली जाते. दमट उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एकषष्ठांश असावे, अशी राष्ट्रीय इमारत संहितेची शिफारस आहे. म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीला सुमारे १७ चौरस फूट. एवढी खिडकी आपल्याकडे क्वचितच असते. जी आहे ती तरी कपाटामागे झाकू नये.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. जागा वाचते म्हणून काही जण शेगडी पुढच्या दाराजवळ आणतात. आग लागली तर आतल्या माणसांची बाहेर पडण्याची एकमेव वाटच बंद होते. शेगडी मागेच ठेवावी, सिलिंडर उभे व जमिनीवर असावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून तिथे जमिनीलगत झरोका हवा. मागे दुसरे दार असेल तर त्यापुढे कपाट किंवा गोणी कधीही लावू नये.

पाच दारांचा हॉल

बदलापूरच्या अनेक घरांत हॉलला मुख्य दार, स्वयंपाकघर, बेडरूम, संडास-मोरी आणि गॅलरी अशी पाच दारे असतात. भिंत अशी उरतच नाही. इथे भिंतीचे अखंड तुकडे मोजावेत. सर्वांत लांब अखंड तुकडा दिवाणाला द्यावा, कारण दिवाण दिवसा बैठक आणि रात्री अंथरूण होतो. आत कप्पा ठेवला तर गाद्या-रजयांचीही सोय होते.

दार हलवणे खर्चाचे आणि कधी कधी धोक्याचे असते. परंतु दाराची बिजागरी एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेणे हे सुताराचे थोड्या वेळाचे काम आहे. खोलीच्या मध्यभागाकडे उघडणारे दार भिंतीला लागून उघडू लागले की पाच-सहा चौरस फूट जागा मोकळी होते. मोरीच्या दाराला सरकता किंवा घडीचा पल्ला बसवता येतो. बैठकीसमोर संडासाचे दार येत असेल तर मध्ये फूटभर खोलीचे उभे मांडणीवजा कपाट ठेवावे. आडोसाही होतो व चपलांची सोयही होते.

खांब, निमुळता कोपरा आणि पोटमाळा

खांब भिंतीपासून ९ इंच पुढे आला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना ९ इंच खोलीच्या फळ्या बसवाव्यात. औषधे, मुलांची पुस्तके, मसाल्यांच्या बरण्या, इस्त्रीचे कपडे यांना एवढी खोली पुरते. मग खांब भिंतीत बुडाल्यासारखा दिसतो. खांब किंवा तुळई छिलून सामान बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या कारागिराला तिथेच थांबवावे.

रस्ता किंवा नाला तिरका गेल्यामुळे प्लॉट तिरका पडला की खोली एका टोकाला १० फूट व दुसऱ्या टोकाला ७ फूट अशी होते. तिरक्या भिंतीला समांतर पलंग लावला तर सारी खोलीच वाकडी वाटते आणि पलीकडे त्रिकोणी सांदी उरते. त्याऐवजी वाकडेपणा एकाच कपाटात बंद करावा. तिरक्या भिंतीपुढे सरळ रेषेत कपाटाची दारे बसवावीत. आत खोली कुठे कमी, कुठे जास्त राहील. कमी खोलीच्या बाजूला झाडू, शिडी, इस्त्रीचे टेबल. जास्त खोलीच्या बाजूला बॅगा व गाद्या. बाहेरची खोली चौकोनी झाली.

पोटमाळ्याचा निर्णय उंचीवर घ्यावा. खाली सात फूट मोकळे राहिलेच पाहिजेत. जुन्या चाळीत छत साडेअकरा फुटांवर असेल तर वर चार फूट मिळतात, तिथे बसून काम होते. इमारतीतील साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत मात्र वर जेमतेम दोन फूट उरतात. ती जागा हलक्या, क्वचित लागणाऱ्या सामानाचीच. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर उन्हाळ्यात लहान मुलांना झोपवू नये, आणि माळ्याची कड छताच्या पंख्याच्या पात्यांपर्यंत हात पोचेल इतकी जवळ नसावी.

वजनाचा हिशेब : यात चूक परवडत नाही

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. स्लॅब पडण्याची कारणे बांधकामाच्या दर्जात, वयात व गळतीत असतात. पण कमजोर स्लॅबवर जादा वजन टाकणे आपल्या हाती असते, आणि न टाकणेही. म्हणून खोलीची मांडणी बदलताना काही आकडे माहीत असावेत.

राहत्या घराच्या जमिनीवर माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे दर चौरस फुटाला १८ ते २० किलो वजन धरून स्लॅबचा हिशेब केला जातो. पाण्याची ५०० लिटरची टाकी भरली की अर्धा टन होते. ती तीन फूट लांब-रुंद जागेत उभी असेल तर दर चौरस फुटाला ५५ किलोंहून अधिक वजन पडते, धरलेल्या मापाच्या जवळजवळ तिप्पट. पोटमाळ्यावर किंवा गॅलरीत अशी टाकी ठेवू नये. गॅलरी तर एका बाजूनेच धरलेली असते.

दुसरा आकडा भिंतीचा. साडेचार इंच जाडीची, गिलावा केलेली विटांची भिंत ९ फूट उंच व ८ फूट लांब बांधली तर तिचे वजन दीड टनाहून अधिक भरते. तेवढाच आडोसा लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकून केला तर दीडशे किलोच्या आसपास. काम एकच, वजन दहापट कमी. म्हणून वरच्या मजल्यावर खोलीचे दोन भाग करायचे असतील तर वीट कधीच नको. जुन्या चाळीत तर भिंतींवरच छप्पर व मजला उभा असतो. तिथे "ही भिंत काढली तर हॉल मोठा होईल" हा विचार इंजिनिअरला विचारल्याशिवाय मनातही आणू नये.

महाराष्ट्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीत ती झाली नसेल तर नवे फर्निचर करण्याआधी ती मागणी करावी. छताला तडा, गंजलेली सळई, ओल किंवा पडणारा गिलावा दिसत असताना त्यावर नक्षीचे खोटे छत लावून झाकणे म्हणजे आजार झाकणे होय.

तळमजल्याची गोष्ट निराळी. २००५ च्या २६ जुलैला, तसेच जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराचे पाणी बदलापूर परिसरात शिरले होते. सखल भागातील तळमजल्यावर कपाटे विटेच्या किंवा दगडाच्या पायावर बसवावीत, विजेची बटणे उंच घ्यावीत, आणि घराची कागदपत्रे, दाखले व शिलाईचा माल कायम वरच्या फळीवर ठेवावा. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नये. दोन इंच फट ठेवली म्हणजे पावसाळ्यातील ओल कपड्यांना लागत नाही.

घरातच काम असेल तर

उल्हासनगरच्या जीन्स व कपड्यांच्या धंद्यामुळे आसपासच्या कितीतरी घरांत शिलाई, धागे कापणे, बटण लावणे अशी कामे चालतात. अशा घरात कामाची जागा आधी ठरवावी. कारखान्याच्या शिलाई मशीनच्या टेबलाला सुमारे ४ फूट लांब व पावणेदोन ते २ फूट रुंद जागा लागते, आणि बसणाऱ्याच्या मागे अडीच फूट. ही जागा शक्यतो दाराजवळ व खिडकीपाशी असावी. माल आत-बाहेर करताना सारे घर ओलांडावे लागू नये, आणि उजेड डाव्या बाजूने यावा. गठ्ठे ठेवण्यासाठी मशीनखाली किंवा दिवाणाच्या कप्प्यात जागा राखावी. कापडाचे गठ्ठे शेगडीजवळ कदापि नकोत. इस्त्री व मशीनसाठी जाड तारेची वेगळी जोडणी घ्यावी, एकाच बटणावर चार वस्तू लावू नयेत. धंदा वाढला तर घरगुती वीजजोडणीवर तो चालवता येतो का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

जी जागा कामाला दिली तिचा भाग घरखर्चातून वेगळा मांडावा. ३०० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरात ३० चौरस फूट मशीनला गेले असतील तर भाड्याचा दहावा भाग हा धंद्याचा खर्च आहे. तो धरल्याशिवाय नगामागे आपल्याला खरोखर काय सुटते ते कळत नाही.

सुताराशी व्यवहार

अडचणीच्या खोलीत तयार सामानापेक्षा मापाने करून घेतलेले सामान पुष्कळदा स्वस्त पडते, कारण ते वाया जात नाही. मात्र व्यवहार चोख हवा. प्लायवूडचा तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद येतो. करवतीची वाट सोडून कपाटाची खोली साडेतेवीस इंच ठेवली तर एका तक्त्याच्या रुंदीत दोन पट्ट्या निघतात. तीच २६ इंच केली तर एकच पट्टी निघते आणि उरलेला तुकडा बहुधा कोपऱ्यात पडून राहतो. साडेपंधरा इंच खोलीच्या फळ्या एका तक्त्यात तीन बसतात. म्हणजे दोन इंचांच्या हट्टापायी अर्धा तक्ता जाऊ शकतो.

ओटा व मोरीजवळ आयएस ७१० छाप असलेले पाण्याला टिकणारे प्लाय वापरावे. कोरड्या खोलीत आयएस ३०३ चे चालते. छाप तक्त्यावर स्वतः पाहावी. काम केवळ मजुरीवर आहे की मालासकट, चौरस फूट दर्शनी भागाचा मोजणार की आतल्या कप्प्यांचाही, बिजागऱ्या व चॅनेल कोणाचे, काम किती दिवसांत, आणि उचल किती टप्प्यांत, हे सारे चौकटीच्या त्याच कागदाच्या मागे लिहून दोघांनी सही करावी. त्यात सुताराचाही फायदा आहे. तोंडी बदलत जाणाऱ्या मागण्यांनी त्याची मजुरी बुडते आणि शेवटी कटुता दोघांच्या वाट्याला येते.

शेवटी

खोली बदलणे प्रत्येकाला शक्य नसते. भिंती सरकवणे तर नाहीच. पण वाट कुठून जावी हे आपण ठरवू शकतो. ती सरळ झाली की आईची मशीन रहदारीतून बाहेर निघते, अभ्यासाला बसलेल्या मुलीला दर पाच मिनिटांनी पाय आवरून घ्यावे लागत नाहीत आणि पाहुणा आला म्हणून घर अवघडत नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी बाजाराकडे निघण्याआधी तासभर घरातच थांबावे. मोजपट्टी काढावी, कागदावर दारे मांडून ती रेषांनी जोडावीत, आणि घरातल्या बायका-मुलांना विचारावे की त्यांना रोज कुठे अडखळायला होते. उत्तर बहुधा त्यांच्याकडे तयारच असते.